गिल्डरस्लीव्हचं बिऱ्हाड: जुन्या रेडिओ विनोदी मालिकांचा फुकटातला संच

टेकाडे भावजी आणि मीनावहिनी ही नावं ज्यांच्या कानात अजून आहेत, त्यांना हा संच समजावायला वेळ लागत नाही. आकाशवाणी मुंबईच्या ‘पुन्हा प्रपंच’मधून टेकाडे भावजींना उचललं, परगावी बिऱ्हाड थाटून दिलं, पदरात दोन पोरकी भाचरं घातली आणि दर आठवड्याचा अर्धा तास त्यांच्या एकट्याच्या नावावर केला, तर काय होईल? अमेरिकेत १९४१ साली अगदी हेच झालं. ‘फिबर मगी अँड मॉली’ या मालिकेतला भांडकुदळ शेजारी थ्रॉकमॉर्टन पी. गिल्डरस्लीव्ह तिथून उठला आणि ३१ ऑगस्ट १९४१ ला ‘द ग्रेट गिल्डरस्लीव्ह’ घेऊन स्वतंत्र झाला. एका मालिकेतून फुटलेली फांदी स्वतःचं झाड झाल्याचं हे रेडिओवरचं पहिलं मोठं उदाहरण मानतात.

या परीक्षणात मूळ मालिका, तिच्या दोन फांद्या (गिल्डरस्लीव्ह आणि ब्यूला) आणि या सगळ्यांची आज मिळणारी ध्वनिमुद्रणं अशा तिन्हींचा विचार आहे. इंटरनेट अर्काइव्हवर हे सगळं एमपीथ्रीमध्ये फुकट उतरवून घेता येतं. निकाल आधीच सांगायचा तर गिल्डरस्लीव्ह डोळे मिटून घ्या, फिबर मगी निवडून घ्या, आणि ब्यूला ऐकायचीच असेल तर इतिहास म्हणून ऐका.

आधी मूळ घर. मगी आणि मॉली झालेले जिम आणि मेरिअन जॉर्डन हे खरोखरचे नवरा-बायको. एप्रिल १९३५ मध्ये मालिका सुरू झाली. लेखक डॉन क्विन, प्रायोजक जॉन्सन्स वॅक्स, म्हणजे फरशी आणि फर्निचर चकचकीत करायचं मेण. पत्ता ७९, विस्टफुल व्हिस्टा. भागाचा साचा इतका साधा की कागदाच्या पाठीवर मांडता येईल. मगीच्या डोक्यात सकाळी एखादं खूळ शिरतं, मॉली त्याला समजावते, दाराची बेल वाजते, एक पाहुणा येतो, दोन मिनिटं डोकं खाऊन जातो, पुन्हा बेल, पुढचा पाहुणा. मध्ये बिली मिल्सचा वाद्यवृंद आणि ‘किंग्ज मेन’ या गायकांची एकेक चीज. शेवटी खूळ मगीच्याच अंगावर उलटतं. चाळीत राहिलेल्याला यात नवीन काहीच नाही. दार उघडं असलं की गोष्ट आपोआप घडत जाते.

पाहुण्यांकडे मात्र कान देऊन ऐका, कारण खरी कारागिरी तिथे आहे. बिल थॉम्पसन हा एकटा माणूस चार-चार पाहुणे उभे करायचा: म्हातारा ‘ओल्ड टायमर’, बायकोच्या धाकात दबलेला वॉलेस विम्पल, आणखी दोघे. विम्पलची बायको कधीच ऐकू येत नाही, ती फक्त त्याच्या बोलण्यातून अंगावर येते. शेजारची चुरूचुरू बोलणारी पोर टीनी हिचा आवाजही मेरिअनचाच. त्यामुळे टीनी यायच्या वेळी मॉलीला हमखास स्वयंपाकघरात काहीतरी काम निघतं. एकदा हे ध्यानात आलं की मॉली आत गेल्या गेल्या आता टीनी येणार हे कळतं, आणि तरीही हसू येतं.

महापौर ला ट्रिव्हिया (गेल गॉर्डन) हा सगळ्यांत अवघड प्रकार, आणि मराठी श्रोत्याला सर्वांत उशिरा रुचणारा. तो बोलता बोलता एखादा वाक्प्रचार वापरतो. मगी आणि मॉली तो शब्दशः घेतात. कोणी ‘हात वर केले’ म्हणावं आणि समोरच्याने ‘कुठला हात, डावा?’ विचारावं, तसं. महापौर समजावायला जातो, समजावताना शब्द एकमेकांत गुंततात, आवाज चढत जातो, वाक्याचा पार लगदा होतो आणि अचानक शांतता पसरते. त्या शांततेनंतर तो अगदी सभ्यपणे निरोप घेतो. इंग्रजी वाक्प्रचार माहीत नसेल तर पहिले तीस सेकंद हातून निसटतात, पण चढत्या आवाजाची मजा उरते. एरवी भाषा अवघड नाही. उच्चार स्वच्छ, वेग आजच्या मालिकांपेक्षा कमी, आणि प्रेक्षकांचं हसू ओसरेपर्यंत नट थांबतात.

आता ते कपाट. मगीच्या घरातलं कोंबून भरलेलं कपाट रेडिओच्या इतिहासात गाजलेलं आहे. ५ मार्च १९४० च्या भागात ते पहिल्यांदा उघडलं. मगी दाराला हात घालतो, मॉली ‘अरे, नको’ म्हणेपर्यंत उशीर झालेला असतो. आधी एक जड धप्प. मग त्यावर खोकी, पत्रा, भांडी, काहीतरी गडगडत जाणारं, पुन्हा भांडी. संपलं असं वाटतं, तेवढ्यात आणखी दोन वस्तू. मग क्षणभर काही नाही. आणि शेवटी एक बारीकशी घंटी, किण्ण. त्या घंटीशिवाय हा विनोद पूर्ण होत नाही, घंटीनंतरच मगी पुटपुटतो की हे कपाट एकदा आवरायला हवं. मुंबईच्या वनरूम-किचनमधला पोटमाळा ज्याने दिवाळीच्या साफसफाईत उघडला आहे, त्याला यातलं एक अक्षरही समजावावं लागणार नाही. ध्वनिपरिणामवाले हे सगळं सामान पायऱ्यांवर रचून एकदम ढकलून द्यायचे. त्यामुळे प्रत्येक वेळी कोसळण्याची लय थोडी निराळी असते.

कपाटाचा विनोद दर आठवड्याला नाही. लोकांना तो तसा वाटतो, आणि लेखक त्या वाटण्याचाच फायदा घेतात. कधी दार उघडतं आणि आत काहीच नसतं. हे भाग शोधून एकामागून एक ऐकू नका, चव जाते. क्रमाने ऐकताना अवचित समोर यावेत.

१९४२-४३ चे भाग मुंबईकराने आवर्जून ऐकावेत. १ डिसेंबर १९४२ चा भाग पेट्रोल रेशनिंगवरचा, आणि अमेरिकेत देशभर ते रेशनिंग त्याच दिवशी लागू झालं. मगी तणतणत फिरतो की मला एवढ्याशा पेट्रोलमध्ये भागवायला सांगतात म्हणजे काय, आणि प्रत्येक पाहुणा त्याला एकेक टोला देऊन जातो. २७ एप्रिल १९४३ चा भाग काळ्या बाजारातल्या मांसावरचा. रेशनकार्ड, रॉकेलची रांग, साखरेचा कोटा हे ज्या घरांनी पाहिलं, त्यांना हा सरकारी प्रचार असूनही घरचा वाटेल. प्रचार आहेच, लपवलेला नाही. पण लिहिला इतका चतुराईने आहे की उपदेश गळी उतरतो आणि घसा खवखवत नाही.

युद्धाने मालिकेची घडीही मोडली. गॉर्डन तटरक्षक दलात गेला, थॉम्पसन नौदलात. एका थॉम्पसनसोबत अर्धी गल्लीच रिकामी झाली, आणि गिल्डरस्लीव्ह तर आधीच निघून गेला होता. म्हणून १९४३ मध्ये डॉक्टर गॅम्बल (आर्थर क्यू. ब्रायन) आले. मगीशी कडाकडा भांडणारा कोणीतरी हवाच होता. जानेवारी १९४४ मध्ये मोलकरीण ब्यूला आली. ही कारणं माहीत असली की या वर्षांतले भाग मधूनच का बदलल्यासारखे वाटतात ते कळतं.

आता खरा माल, ‘द ग्रेट गिल्डरस्लीव्ह’.

मूळ मालिकेत ऑक्टोबर १९३९ पासून हा माणूस मगीचा शेजारी. बायकांच्या कमरपट्ट्यांचा कारखाना, मोठं पोट, मोठा आवाज, आणि एक हसू. वरून सुरू होऊन पायऱ्या उतरत खाली येणारं, थोडं चोरटं, थोडं स्वतःवरच खूश असलेलं. ‘यू आर अ हाऽऽर्ड मॅन, मगी’ हे त्याचं पेटंट वाक्य. तिथे तो मगीच्या बरोबरीचा. दोघेही बढाईखोर, दोघेही हटवादी, सामना बरोबरीत सुटायचा. असा माणूस नायक म्हणून अर्धा तास सहन होईल का, ही शंका रास्त होती.

उत्तर त्यांनी पहिल्याच भागात शोधलं. गिल्डरस्लीव्ह रेल्वेने समरफील्डला निघतो, गाडीतच एका म्हाताऱ्याशी त्याचं वाजतं, आणि गावात पोचल्यावर कळतं की भाचरांच्या इस्टेटीचा कारभार पाहणारे न्यायाधीश हूकर ते हेच. (मुलांचं आडनाव फॉरेस्टर, म्हणजे हा मामा धरायला हरकत नाही. इंग्रजीत काका-मामा एकच असल्याने खात्री कुणाला नाही.) आणि मराठीत ‘मामा होणं’ म्हणजे जे काही असतं, ते दर आठवड्याला त्याचं होतं. मगीसमोर जो बरोबरीत लढायचा, तो बारा वर्षांच्या भाच्यासमोर, लीरॉयसमोर, पार चीत होतो. घरात स्वयंपाकीण बर्डी त्याला ओळखून आहे, गावात हूकर, औषधांच्या दुकानात पीव्ही. त्याला स्वतःची अशी हरायची माणसं मिळाली. फांदी तगली ती या एका बदलामुळे, आवाजामुळे नव्हे. आवाजाचा मुद्दा पुढे येतोच.

पीव्ही या पात्रासाठी संच उतरवून घ्यावा. केमिस्ट, बारीक सुकलेला आवाज, कुठल्याच गोष्टीला थेट हो किंवा नाही म्हणायचं नाही. गिल्डरस्लीव्ह काउंटरवर येऊन मोठ्या ठसक्यात काहीतरी ठाम बोलतो. पीव्ही थांबतो. थांबणं किती लांबवायचं हे त्याचा नट रिचर्ड लग्रँड याला अचूक कळतं. मग येतं: ‘वेल नाउ, आय वुडन्ट से दॅट.’ म्हणजे, तसं काही मी म्हणणार नाही बुवा. पुण्याच्या पेठेतला दुकानदार असाच बोलेल. पहिल्या तीन-चार भागांत हे वाक्य साधं वाटतं. दहाव्या भागापर्यंत प्रेक्षक ते यायच्या आधीच हसायला लागतात, आणि आपणही.

ऑक्टोबर १९४२ मध्ये गिल्डरस्लीव्ह गावाचा वॉटर कमिशनर होतो, म्हणजे पाणीखात्याचा साहेब. ऑफिसात काम जवळजवळ नाही, खुर्ची मात्र आहे. पहाटे पाण्याच्या वेळेला उठून पिंप भरणाऱ्या शहरात हे ऐकताना हसू थोडं कडवट होतं, ते लेखकांच्या हिशेबात नव्हतं.

ऐकण्याचा क्रम इथे महत्त्वाचा. फिबर मगी कुठूनही ऐका, काही बिघडत नाही. गिल्डरस्लीव्हला मात्र पुढे सरकणारी कथा आहे, आणि त्या काळच्या विनोदी मालिकांत ही गोष्ट दुर्मीळ. शेजारची विधवा लीला रॅन्सम, तिच्याशी जुळत गेलेलं, आणि २७ जून १९४३ चा लग्नाचा भाग. हा भाग सुटा ऐकलात तर एक चांगला भाग. जानेवारी १९४३ पासून ओळीने ऐकत आलात तर शेवटची पाच मिनिटं काळजात उतरतात. काय होतं ते इथे सांगणार नाही. १९४४ मध्ये महापौरपदाची निवडणूक आहे, तीही सलग ऐकण्याची. मे १९५० मध्ये भाची मार्जोरीचं लग्न आणि पुढच्या वर्षी तिला जुळं. इथवर मुलं खरंच मोठी झालेली असतात. लीरॉय सोडून. त्याचा नट वॉल्टर टेटली हा पोराच्या आवाजाचा प्रौढ माणूस होता, त्यामुळे लीरॉय वर्षानुवर्षं शाळेतच.

आवाजाचा मुद्दा. गिल्डरस्लीव्हचा मूळ नट हॅरॉल्ड पेअरी याने १९५० मध्ये मालिका सोडली आणि सीबीएस या दुसऱ्या रेडिओ कंपनीवर स्वतःचा नवा कार्यक्रम काढला. पात्र जुन्या कंपनीकडे, एनबीसीवरच राहिलं. सप्टेंबर १९५० पासून ते विलर्ड वॉटरमनने उचललं. त्याचा आवाज पेअरीच्या इतका जवळचा की कित्येक श्रोत्यांना फरक कळायला वेळ लागावा. एक गोष्ट मात्र त्याने कटाक्षाने टाळली, ते उतरतं हसू. ते पेअरीचं, आपण वापरायचं नाही, अशी त्याची भूमिका. तारीख न लिहिलेली फाइल हाती आली तर हीच खूण: हसू आहे, पेअरी, जिथे यायला हवं तिथे नाही, वॉटरमन. आणि परिणाम पाहा. नवा माणूस जुन्या गावात वर्षानुवर्षं चालला, तर जुना माणूस ‘ऑनेस्ट हॅरॉल्ड’ घेऊन नव्या गावात एका हंगामात आटोपला. पेअरीने गळा सोबत नेला, पण पीव्ही, हूकर, लीरॉय आणि बर्डी तिकडेच राहिली. तरी हंगाम निवडताना १९४१ ते १९४९ मधलेच घ्या. वॉटरमन कुशल आहे, पण लेखणी तोवर थोडी मऊ झालेली.

ब्यूलाबद्दल थोडं सावधपणे. मगीच्या घरात आलेल्या या कृष्णवर्णीय मोलकरणीचा आवाज मार्लिन हर्ट या गोऱ्या पुरुषाचा. स्टुडिओतल्या प्रेक्षकांकडे पाठ करून तो उभा राहायचा, पहिल्या वाक्याला गर्रकन वळायचा आणि प्रेक्षागृह फुटायचं. रेकॉर्डिंगमध्ये ती प्रचंड, कारण न कळणारी हास्याची लाट ऐकू येते ती यासाठी. १९४५ मध्ये तिची स्वतंत्र मालिका झाली, मार्च १९४६ मध्ये हर्ट वारला. नोव्हेंबर १९४७ पासून हॅटी मॅकडॅनियल, ऑस्कर मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय कलाकार, ब्यूला झाली. रोजचे पंधरा मिनिटांचे भाग. तिची टायमिंगची जाण पहिल्या दर्जाची आहे, पण भूमिका मोलकरणीचीच राहते आणि विनोद त्या चौकटीबाहेर जात नाही. कृष्णवर्णीयांच्या संघटनांनी तेव्हाही आक्षेप घेतले होते. १९५२ नंतर काही काळ लिलियन रँडॉल्फ आली, गिल्डरस्लीव्हकडची बर्डी हीच. बर्डी आणि ब्यूला लागोपाठ ऐका: बर्डी मालकाला टोमणा मारून मान राखून बाहेर पडते, ब्यूलाला तेवढी मोकळीक लेखक देत नाहीत. उपलब्ध भागही मोजकेच, आवाजाची प्रत डावी.

गिल्डरस्लीव्ह आवडला तर पुढची पायरी ‘फिल हॅरिस-ॲलिस फे शो’, विनोदवीर जॅक बेनीच्या कार्यक्रमातल्या बँडमास्तराची फांदी, १९४८ पासून याच नावाने. किराणामालाच्या दुकानातला कुजका पोऱ्या ज्युलियस ऐकताच ओळखाल, तो वॉल्टर टेटलीच.

आता ध्वनिमुद्रणं, कारण इथेच लोक फसतात आणि ‘जुनं आहे, खरखरतं’ म्हणून सोडून देतात.

कार्यक्रम थेट प्रक्षेपित व्हायचे, आणि सोबत १६ इंची तबकड्यांवर नोंद व्हायची. एका बाजूला सुमारे १५ मिनिटं. म्हणून बहुतेक भागांत पंधराव्या मिनिटाच्या आसपास खरखरीचा पोत अचानक बदलतो. इअरफोन बिघडलेला नाही, तिथे बाजू बदलली आहे. युद्धकाळात ॲल्युमिनियम मिळेना म्हणून काचेच्या तबकड्या वापरल्या, त्या फुटल्या-तडकल्या. त्या वर्षांतला ठरावीक लयीतला ‘टक-टक’ बहुधा तिथला.

दुसरी भानगड सैन्यासाठीच्या प्रतींची. आर्म्ड फोर्सेस रेडिओ सर्व्हिस जाहिराती कापून त्या जागी संगीत भरायची. गिल्डरस्लीव्हमध्ये याने फारसं नुकसान होत नाही, तिथे मार्गरीनची जाहिरात वेगळी उभी असते. फिबर मगीत मात्र निवेदक हार्लो विल्कॉक्स हा स्वतःच पाहुणा म्हणून बेल वाजवून येतो, आणि गप्पा वळवत वळवत मेणावर आणतो. मगी त्याला ओळखून चिडतो, तोच विनोद. कापलेल्या प्रतीत तो येतो आणि एकदम नाहीसा होतो, पुढचं वाक्य अधांतरी. म्हणून फिबर मगीची मूळ प्रक्षेपणाची प्रतच घ्या, थोडी खरखर जास्त असली तरी. ओळखायची कशी? सुरुवातीला प्रायोजकाचं नाव ऐकू आलं तर मूळ.

तिसरी, वेग. तबकडीवरून टेपवर, टेपवरून दुसऱ्या टेपवर उतरवताना मशीनचा वेग चुकतो. भाग साधारण साडेएकोणतीस मिनिटांचा हवा. जाहिरात शाबूत असूनही अठ्ठावीस मिनिटांत संपला आणि विल्कॉक्सचा भारदस्त आवाज नाकातून आला, तर फाइल सुमारे ५ टक्के जास्त वेगात आहे. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘चेंज स्पीड अँड पिच’ वापरून वेग तेवढाच उतरवा. फक्त टेम्पो बदललात तर लांबी सुधारेल, आवाज नाकातलाच राहील. खरखर काढायचा मोह झाला तर नॉइज रिडक्शन ६ ते ८ डेसिबलवर थांबवा. त्यापुढे माणसं पाण्याच्या पिंपात तोंड घालून बोलल्यासारखी होतात, आणि पीव्हीच्या वाक्याआधीची ती शांतता तर अगदी मरून जाते.

तारखाही तपासा. फिबर मगी १९३८ ते १९५३ मंगळवारी लागायचं. गिल्डरस्लीव्ह आधी रविवारी, १९४६ च्या हंगामापासून बुधवारी. फाइलच्या नावातली तारीख मोबाइलच्या कॅलेंडरवर टाका. वार जुळला नाही तर तारीख चुकीची किंवा प्रत दुसरीकडची. जुलैची तारीख दिसली तर हमखास संशय घ्या, उन्हाळ्यात ही मंडळी सुटीवर असायची.

उतरवताना ‘ओल्ड टाइम रेडिओ रिसर्चर्स’ या गटाने लावलेले संच पाहा. त्यांत नावात वर्ष-महिना-दिवस या क्रमाने तारीख असते, त्यामुळे फाइली आपोआप ओळीत लागतात. ‘सर्टिफाइड’ शिक्का असलेला संच म्हणजे तारखा आणि दुबार प्रती तपासून झालेल्या. ३२ केबीपीएस आणि ६४ केबीपीएस अशा दोन्ही प्रती दिसल्या तर ६४ ची घ्या: अर्धा तास म्हणजे साधारण १४ एमबी, ५०० भाग जवळपास ७ जीबी. १२८ ची गरज नाही, आवाज मोनो आहे आणि वरच्या पट्टीत फार काही नाहीच. सगळी झिप एकदम मागवली की मध्येच तुटते, वर्षावर्षाने उतरवा. आणि उतरवूनच ठेवा. ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबर हल्ल्यामुळे इंटरनेट अर्काइव्हची साइट कित्येक दिवस बंद होती.

आजी-आजोबांसाठी कार्डवर भरून द्यायचं असेल तर ३२ जीबीचं कार्ड, फॅट३२ फॉरमॅट, वर्षागणिक एक फोल्डर. लॅमिंग्टन रोडवर मिळणारे बरेचसे स्वस्त एफएम-ब्लूटूथ स्पीकर फाइली नावाच्या क्रमाने वाजवत नाहीत, कार्डवर ज्या क्रमाने कॉपी झाल्या त्या क्रमाने वाजवतात. सगळं निवडून एकदम पेस्ट केलं तर क्रम बिघडू शकतो आणि लग्नाचा भाग ओळखीच्या आधी लागतो. उपाय: कार्ड रिकामं करून एकेक फोल्डर क्रमाने टाका, किंवा संगणकावर फॅटसॉर्ट नावाचा प्रोग्राम चालवून क्रम लावून घ्या. स्पीकर घेताना दुकानातच कार्ड घाला, भाग दहा मिनिटं पुढे न्या, बंद करून चालू करा. पहिल्यापासून सुरू झाला तर तो स्पीकर ठेवून द्या. गाण्यांना ते चालतं, अर्ध्या तासाच्या भागाला नाही. बटणं मोठी आणि वेगवेगळी असावीत. एकाच बटणावर आवाज वाढवणं आणि पुढचा भाग असेल तर वाद घरात सुरू होतो, रेडिओत नव्हे.

लोकलमध्ये हा संच विलक्षण सोयीचा. दादरहून ठाणे फास्टने साधारण अर्धा तास, म्हणजे एक भाग. मोनो असल्याने एकच कान लावला तरी काही सुटत नाही, दुसरा कान स्टेशनच्या घोषणेला मोकळा. बोलण्याचा पट्टा गाडीच्या खडखडाटात बुडतो म्हणून इक्वलायझरमध्ये २ ते ३ किलोहर्ट्झ थोडा उचला, १०० हर्ट्झखालचं कापून टाका. आवाज चढवून ठेवायची सवय फक्त फिबर मगीच्या बाबतीत आवरा. मॉली ‘नको, मगी, तिथे नको’ म्हणाली की हात आवाजाच्या बटणावर. पुढच्या सेकंदाला कपाट उघडतं.

सुरुवातीला कार्डवर पाचच भाग टाका: फिबर मगीचा ५ मार्च १९४० आणि १ डिसेंबर १९४२, गिल्डरस्लीव्हचा ३१ ऑगस्ट १९४१, मग जानेवारी १९४३ चे कुठलेही दोन. पाचवा संपल्यावर सहावा हवासा वाटला, तर १९४३ चं अख्खं फोल्डर उतरवा आणि जूनपर्यंत कुणाला शेवट विचारू नका.